वगळलेल्या बाबी

धम्मदीप तांबेने चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. पंचायत समितीत लागला त्या आठवड्यातच त्याच्या हेडक्लार्कने त्याला बजावलं होतं, की रिकामा रकाना म्हणजे उद्याची भानगड. मागाहून कुणीतरी त्यात काहीतरी भरतो आणि तुम्ही घरी बसता. लिहायला काही नसेल तिथे 'निरंक' लिहावं, खाली बारीक रेघ ओढावी आणि सुखाने झोपावं. धम्मदीपने हा मंत्र असा घोटला, की करुणाला बघायला गेला तेव्हा तिच्या मामांनी "काही अपेक्षा?" असं विचारताच तो "निरंक" म्हणून मोकळा झाला. करुणाच्या माहेरी हा विनोद अजून चालतो.

अक्षर तर काय, मोत्याचं. पावसच्या आसपासच्या चार गावांत कुणाला अर्ज करायचा असो, दाखला काढायचा असो, माणसं आधी भाऊसाहेबांच्या पडवीत येत. धम्मदीपला त्याचा अभिमान होता आणि तो त्याने कधी लपवलाही नाही. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, वडील सही करायला शिकले, आणि आपल्या हातचा कागद साहेबदेखील न वाचता पुढे सारतो, हे त्याला आयुष्यात कमावलेलं सगळ्यांत मोठं धन वाटायचं. वाटू नये असं काही नाही. फक्त एवढंच, की ज्याला पोहता येतं तोच बुडतो.

घरातला धंदा मात्र कागदाचा नव्हता, रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा होता. त्याची थोरली बहीण गंगा हिचा नवरा मुंबईत गोदीत कामाला होता. तो गेला आणि गंगा चाळिशीत माहेरी परत आली. धम्मदीप तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, अक्षरशः तिच्या कडेवर वाढलेला. तिने ओझं व्हायचं नाही असं ठरवलं होतं. परसात रातांब्यांची चार झाडं होती. पिकलेले रातांबे फोडायचे, गर मिठात घालून रस काढायचा, गाळून बाटलीत भरायचा. हे आगळ. सोलकढी करायची तर दोन चमचे पुरतात. कोकणात घरोघर होतं, त्यात नवल ते काय? पण गंगाचं आगळ दोन पावसाळे टिकायचं आणि रंग उतरायचा नाही. कारण विचाराल तर ती झाडावर पिकलेलाच रातांबा घ्यायची, खाली पडलेल्याला हात लावायची नाही, आणि पाण्याचा एक थेंब जाऊ द्यायची नाही. इतकं साधं. पण साधं ते करायला माणूस चिवट लागतो.

बाटल्या बाजारात जाऊ लागल्या तेव्हा धंदा कुणाच्या नावावर करायचा हा प्रश्न आला. धम्मदीप सरकारी नोकर, त्याला धंदा करायची मुभा नाही. गंगाच्या नावावर करावा तर तिला नुकतीच निराधार विधवांची पेन्शन मंजूर झालेली; धंदा दाखवला की ती बंद. तेव्हा धम्मदीपने डोकं लढवलं आणि कागद बायकोच्या नावाने केला. करुणा गृहउद्योग. लेबलंही तशीच छापली. पहिल्याच महिन्यात रत्नागिरीच्या दुकानदाराने निम्मा माल परत पाठवला. म्हणाला, गिऱ्हाईक हे नाव ओळखत नाही, 'गंगाक्काचं आगळ' मागतं. मग धम्मदीपने नवं लेबल केलं. वर ठसठशीत 'गंगाक्का', मुक्काम पावस, आणि करुणा गृहउद्योग खाली मुंगीएवढ्या अक्षरात. बाटलीच्या तोंडाला पांढरं फडकं आणि सुतळीच्या दोन गाठी, ही गंगाची जुनी पद्धत. तीच पुढे ओळख झाली. चाकरमानी परत जाताना चार-चार बाटल्या न्यायचे, गुहागरचे खानावळवाले वर्षाचं सांगून ठेवायचे. पुढे कातळावर पत्र्याची शेड झाली, यंत्रं आली, आठ बायका कामाला लागल्या. नावाची नोंदणी मात्र कुणी केली नाही. नाव गंगाचं, ती घरातच आहे, तिला कोण पळवून नेणार, असं सगळ्यांना वाटलं.

धम्मदीप निवृत्त झाला आणि दोन वर्षांत शेडला कंटाळला. करुणाचे गुडघे गेले. मुलगा विनीत पनवेलला नोकरीत, त्याला यात रस नाही. तेवढ्यात चिपळूणचा सर्वेश खातू शोधत आला. कोकणातले छोटे-छोटे उद्योग विकत घेऊन त्याने एक कंपनी उभी केली होती. माणूस हसतमुख, बोलायला गोड, आणि देतो म्हणाला ती रक्कमही गोड. विनीतचा फ्लॅट अडला होता तो सुटणार होता.

गंगाने विकायला हरकत घेतली नाही. फक्त धम्मदीप चिपळूणला निघाला त्या दिवशी ती अंगणात त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"शेड दे, यंत्रा दे, बाया त्यांच्याकडं गेल्या तरी जाव देत," ती म्हणाली. "माझा नाव देव नको, दीपा. परसातल्या चार झाडांचा मी माझा करीन. हातपाय चालतत तोवर."

धम्मदीप म्हणाला, नाव कशाला देतोय आक्का, नावाचा काही विषयच नाही. आणि ते त्याला मनापासून खरं वाटत होतं.

चिपळूणला सर्वेशच्या गार कचेरीत करारनामा वाचून झाला. मराठीतच होता. कागद करुणाच्या नावाचा, सही करुणाची. याद्या भरायचं काम अर्थातच भाऊसाहेबांकडे आलं. शेड, यंत्रं, माल, सगळं त्याने झोकात लिहिलं. मजकुरात एके ठिकाणी होतं, की चालू धंदा 'नावलौकिकासह' विकत आहोत. धम्मदीपला ते पत्राच्या शेवटी 'आपला नम्र' लिहितात तसं वाटलं. मग एक यादी आली, धंद्यात वापरलेली नावं आणि चिन्हं, नोंदलेली किंवा न नोंदलेली. आणि तिच्या खाली शेवटची यादी, विक्रीतून वगळलेल्या बाबी.

त्याचं पेन थांबलं, हे खरं. गंगाचं बोलणं त्याच्या कानात होतं. पण नाव तर नोंदलेलंच नाही. जे कुठल्याच रजिस्टरवर नाही ते यादीत लिहायचं कसं? चौतीस वर्षं त्याने जे नोंदलेलं नाही ते अस्तित्वातच नाही, असं हजारो लोकांना सांगितलं होतं. शिवाय आपण नाव विकलंच नाही म्हणजे ते आपल्याकडेच राहिलं, वेगळं वगळायला कशाला हवं, असाही एक हिशेब त्याने मनाशी केला. सर्वेशने आपणहून विचारलं, भाऊसाहेब, काही बाजूला ठेवायचं आहे का? समोर सर्वेशचा वकील, लॅपटॉप उघडलेली एक मुलगी, काचेच्या पेल्यातलं पाणी. एवढ्या मंडळींपुढे 'बहिणीचं नाव तेवढं ठेवा' म्हणायची धम्मदीपला लाज वाटली. अगदी बालिश दिसलं असतं ते. त्याने दोन्ही याद्यांत 'निरंक' लिहिलं आणि खाली बारीक रेघ ओढली.

घरी आल्यावर गंगाने विचारलं, झालं सगळं? तो म्हणाला, व्यवस्थित.

दिवाळीच्या सुमारास कंपनीच्या बाटल्या बाजारात आल्या. वर 'गंगाक्का', मुक्काम पावस. तोंडाला पांढरं फडकं, सुतळीच्या दोन गाठी, त्याही यंत्राने बांधल्यासारख्या एकसारख्या. गंगाने बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली आणि भावाकडे पाहिलं. धम्मदीप म्हणाला, जुनी लेबलं शिल्लक असतील, ती संपवतायत. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो जरा मोठ्याने बोलला. गंगा बरं म्हणाली.

जानेवारीत पहिली बाई आली. जवळच्याच गावातली शिक्षिका, हातात अर्धी बाटली. सोलकढी केली तर नुसतं आंबट पाणी लागतंय आणि रंग बोटाला बसतोय, म्हणाली. गंगाक्का, तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. गंगाने बाटली घेतली, थेंबभर जिभेवर ठेवलं आणि परसात नेऊन माडाच्या बुंध्याशी ओतून टाकलं. मग कोनाड्यातली स्वतःची बाटली काढून बाईला दिली. आपलं हे आगळ नाही, असं ती सांगू शकली असती. पण लेबलावर तिचं नाव होतं, मग काय सांगणार? फेब्रुवारी संपेपर्यंत अशी पंधरा-वीस माणसं येऊन गेली. कुणी रागावून, कुणी संकोचून. सगळ्यांना ती घरातलं काढून देत राहिली, आणि मार्च लागताच कोनाडा रिकामा झाला. धम्मदीप पडवीत पेपर वाचत असे. पेपर एवढा बारकाईने त्याने नोकरीतही वाचला नव्हता.

एप्रिलमध्ये गंगाने नव्या मोसमाच्या तीस बाटल्या केल्या आणि एसटी स्टँडजवळच्या दुकानात ठेवल्या. दहा दिवसांत नोटीस आली. इंग्रजीत होती, गंगाच्या नावाने. 'गंगाक्का' हे नाव आणि बाटलीचं रूप आमच्या मालकीचं आहे, ते वापरून आपण लोकांची फसवणूक करत आहात, ताबडतोब थांबवा. धम्मदीपने ती तीनदा वाचली. गंगाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, काही नाही, थोडे दिवस बाटल्या दुकानात ठेवू नकोस.

तो आधी चिपळूणला गेला. सर्वेशने त्याला चहा दिला, खुर्ची पुढे ओढून दिली, सगळं रीतसर. बोलणं सगळं ऐकून घेतलं आणि मग करारनाम्याची प्रत काढून त्याच्यासमोर ठेवली.

"भाऊसाहेब, आम्ही घेतलं काय मग?" तो म्हणाला. "पत्रे? यंत्रं तर नवी मिळतात. आम्ही नावाचेच पैसे मोजले. मी तुम्हाला विचारलं होतं, काही ठेवायचंय का म्हणून. अक्षर तुमचंच आहे ना?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाची करायची?

मग तो रत्नागिरीला तेजल सुर्वेकडे गेला. कोर्टाजवळच्या गल्लीत तिची कचेरी. तिचे वडील धम्मदीपबरोबर नोकरीत होते, म्हणून ती त्याला काका म्हणायची. तिने कागद वाचले, पुन्हा वाचले, आणि पहिला प्रश्न असा विचारला, की गंगाआत्यांना का नाही आणलंत? धम्मदीप म्हणाला, तिला कशाला त्रास. तेजलने ते कुठेतरी मनात टिपून ठेवलं असं त्याला वाटलं.

मग तिने त्याला समजावून सांगितलं, पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं. नाव नोंदलेलं नाही म्हणून ते बेवारस नसतं, काका. लोक ज्या नावावर विश्वासाने माल घेतात ते नाव ही मालमत्ताच असते, नोंद असो वा नसो. नोंद असती तर एक दाखला दाखवून काम झालं असतं; नसली की वापर, जुनी बिलं, गिऱ्हाइकांची साक्ष असं सगळं उभं करावं लागतं, एवढाच फरक. धंदा विकताना म्हणून तर नाव द्यायचं की ठेवायचं हे स्पष्ट लिहायचं असतं. दिलं तर दिलं म्हणून, ठेवलं तर ठेवलं म्हणून. नावांच्या यादीतही निरंक आहे हे खरं, पण तुम्ही अख्खा नावलौकिक विकला आणि वगळलेल्या बाबींत काहीच लिहिलं नाही. म्हणजे नाव नावलौकिकाबरोबर गेलं, असंच ते म्हणणार, आणि कोर्टालाही ते पटायचा संभव जास्त.

"काहीच वाट नाही?" धम्मदीपने विचारलं.

वाट एक होती. जे नाव करुणा गृहउद्योगाचं कधी नव्हतंच ते करुणा विकणार कशी? नाव गंगाचं, कसब गंगाचं, लोक येतात ते अजूनही तिच्या दाराशी येतात. धंद्याला तिने नुसतं वापरू दिलं होतं. हे सिद्ध झालं तर सर्वेशला ते नाव मिळालंच नाही. तेजलचे डोळे चमकले होते. खराब बाटल्या घेऊन माणसं गंगाकडे येतात, याच्यापेक्षा मोठा पुरावा नाही, म्हणाली. त्यांची नावं लिहून ठेवा. दावा मात्र गंगाला स्वतःला लावावा लागेल. कंपनीवर, आणि करुणावरही.

मग तिने सहज विचारलं, की इतक्या वर्षांत आत्यांच्या नावाचा एखादा कागद आहे का? काहीही. जिथे त्या आगळाचा धंदा करतात असं लिहिलं असेल.

कागद होते. चांगले सत्तावीस होते. दर वर्षी निराधार पेन्शनसाठी गंगाचा अर्ज आणि उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र जायचं. व्यवसाय, निरंक. उत्पन्न, निरंक. खाली गंगाची सही आणि वर सगळं अक्षर धम्मदीपचं. हे त्याने सांगितलं. तेजलने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे नाव माझं, धंदा माझा म्हणायचं तर आत्यांनी सरकारला सत्तावीस वर्षं खोटं लिहून दिलं," ती हळू म्हणाली. "आणि ते कागद खरे मानायचे तर नाव त्यांचं नाही. समोरचा वकील ते कागद काढणारच. आणि काका, लिहिणारा सरकारी नोकर होता, हेही काढणार."

ती पुढे म्हणाली, की तरीही दावा लढता येईल. आत्यांनी आधी स्वतः जाऊन पेन्शन थांबवावी, घेतलेले पैसे परत करायची तयारी दाखवावी, झालं ते कबूल करावं. कोर्ट प्रामाणिक माणसाचं ऐकतं. तुम्हाला प्रतिज्ञापत्र करावं लागेल, की कागद मी भरले, तिला त्यातलं कळत नव्हतं. त्याने तुमच्यावर चौकशी येऊ शकते. तुमच्या पेन्शनवरही येऊ शकते. नक्की येईलच असं मी म्हणत नाही.

परतीच्या एसटीत धम्मदीपला एकच गोष्ट राहून राहून छळत होती, आणि ती चौकशीची नव्हती. पहाटे चारला उठून रातांबे फोडणारी, मिठाने बोटं फाटलेली, आठ बायकांना काम शिकवणारी त्याची बहीण, आणि तिच्या नावापुढे तो दरवर्षी सुवाच्य अक्षरात 'काही नाही' असं लिहीत आला होता. एकदाही त्याचा हात अडखळला नव्हता. उलट तिची पेन्शन चालू राहिली म्हणून त्याला दरवर्षी बरं वाटायचं. करारनाम्यातली चूक आठ महिन्यांपूर्वीची. ही तर सत्तावीस वर्षं चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगा परसात आमसुलं करत होती. फोडलेल्या साली रसात बुडवायच्या, पुन्हा उन्हात घालायच्या. सात वेळा असं पुट द्यावं लागतं. धम्मदीप तिच्याजवळ दगडावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. यादी, सर्वेशचा प्रश्न, लाज वाटली ती, नोटीस, तेजल, पेन्शनचे अर्ज. काही म्हणता काही ठेवलं नाही. सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, तिच्या हातांकडे पाहिलं. हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि चालूच होते.

सगळं सांगून झाल्यावर गंगा म्हणाली, "मग पेन्शन बंद कर. चल, आजच जाव तहसीलला. धंदा माझाच व्हता असा लिव."

"पैसे परत मागतील, आक्का."

"मागू देत. फेडीन. कोकमा इकून फेडीन. कुणाचा बुडवायचा नाय आपल्याला." तिचा आवाज चढला नव्हता, पण कित्येक दिवसांत नव्हता असा जोर त्याच्यात आला होता. "माणसा दारात येव्न मला इचारतत, गंगाक्का, असा कसा केलास? मी काय सांगू त्यांना? मी सत्तर वर्षांत कुणाला पाणी घालून दिला नाय, दीपा. मेल्यावर पण त्या बाटलीवर माझाच नाव ऱ्हायचा."

गंगाने दोन-चार साली बुडवल्या, काढल्या. मग तिला आठवल्यासारखं झालं.

"आणि तुझा काय व्हईल?"

आता इथे धम्मदीप खोटं बोलला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती. काही होत नाही, तू चल, एवढंच म्हणायचं होतं. लेबलांबद्दल तो खोटं बोलला होता, नोटिशीबद्दल बोलला होता. नेमकं याच वेळी त्याला खरं बोलावंसं वाटलं. तो म्हणाला, चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. करुणाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन राहिलंय. सर्वेश फसवणूक झाली म्हणून पैसे मागेल आणि ते विनीतच्या फ्लॅटात गेलेत. गावात बोलतील, भाऊसाहेबांनी सरकारला फसवलं. आपल्या समाजातला एक माणूस वर चढला होता, तोही असाच निघाला म्हणतील. हे सगळं खरं होतं. पण खरं कशासाठी बोलतोय हे त्याला स्वतःला ठाऊक होतं, आणि गंगालाही कळल्यावाचून राहिलं नाही. तिने त्याला कडेवर वाढवला होता.

ती बराच वेळ साली पसरत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाव दे मग."

"आक्का, तू म्हणशील तर..."

"ऱ्हाव दे म्हटला ना. काय लिवायचा ता लिव, मी सही करतंय."

धम्मदीपला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि याचीच त्याला पुढे जन्मभर लाज वाटणार होती. तो उठला, चूळ भरली आणि सर्वेशला फोन लावला.

सर्वेश पुन्हा चांगलाच वागला. दावा नको, भरपाई नको, फक्त एक हमीपत्र द्या म्हणाला. त्यात होतं, की श्रीमती गंगा मोहिते या 'गंगाक्का' किंवा त्यासारखं दुसरं कुठलंही नाव कोणत्याही मालावर वापरणार नाहीत, आणि त्या नावावर त्यांचा कसलाही हक्क नाही व नव्हता. धम्मदीपने ते तिला हळूहळू, शब्दन् शब्द वाचून दाखवलं. या वेळी काही गाळलं नाही. 'व नव्हता' हे शब्द तिने त्याला दोनदा वाचायला लावले. मग सही केली. तेजलला धम्मदीपने फोन केला नाही. तिचाच दोनदा आला, तो त्याने उचलला नाही.

त्या मोसमात गंगाने नंतर आगळ केलं नाही. झाडांवरचे रातांबे तिने बायांना वाटून टाकले. तीस बाटल्यांतल्या उरलेल्या सतरा दुकानातून परत आल्या होत्या, त्यांची लेबलं ती पाण्यात भिजवून नखाने खरवडत बसली. करुणा मदतीला गेली तर नको म्हणाली. घरात कुणी कुणाशी भांडलं नाही. जेवायला सगळी एकत्र बसत होती, गंगा धम्मदीपला आधी वाढत होती, पूर्वीसारखीच. तो तिला काही बोलायला जाई आणि ती "व्हय" म्हणे. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटायचं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एक गाडी अंगणाच्या दगडी गडग्याशी थांबली. ठाण्याचं जोडपं होतं, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. खराब बाटलीची तक्रार घेऊन आलेली माणसं नव्हती ही. उलट. बाईच्या सासूबाई पूर्वी दरवर्षी गावाहून हेच आगळ न्यायच्या, त्या गेल्या पौषात वारल्या. जाण्याआधी सुनेला म्हणाल्या होत्या, कधी पावसला गेलात तर गंगाक्काला माझा नमस्कार सांगा. एकदा मी तिच्या दारात गेले होते, उन्हाची, तर तिने मला जेवू घातलं होतं. म्हणून ती मुद्दाम गाव विचारत विचारत आली होती. कुणीतरी हे घर दाखवलं होतं.

गंगा पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. धम्मदीप पडवीत खुर्चीवर.

"गंगाक्का इथेच राहतात ना?" बाईने विचारलं.

गंगाने सूप खाली ठेवलं. बाईकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे. धम्मदीपच्या मनात आलं, आता उठावं आणि म्हणावं, हीच ती. एवढं म्हणायला कुठल्या कागदाची आडकाठी नव्हती. सर्वेशने बाटलीवर लिहायला बंदी केली होती, हाकेला नाही. तो खुर्चीत पुढे सरकलादेखील. पण नमस्कार झाला की ती बाई विचारणार, मग बाटलीतलं आगळ आता असं का लागतं, आणि त्याचं उत्तर पडवीतच बसलं होतं.

"गंगाक्का काय?" गंगा म्हणाली. "ती आता चिपळूणला असते."

बाईचा चेहरा उतरला. इतक्या लांब आलो, म्हणाली. मग तिने पडवीत बसलेल्या धम्मदीपला विचारलं, तुम्हाला त्यांचा पत्ता माहीत आहे का? धम्मदीपने कंपनीचा पत्ता सांगितला. सगळा नीट सांगितला, रस्ता, खूण, पिनकोडसकट. नवऱ्याने तो मोबाइलवर टिपून घेतला आणि आभार मानले.

गंगाने त्या मुलीला हाक मारून मूठभर आमसुलं दिली. गाडी वळून गेल्यावर तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खाली मान घालून तांदळातले खडे वेचू लागली.